बिनखिळ्याचं नाटक

…आणि वर मलाच विचारतात, "याला काय नाटक म्हणायचं?" म्हणायचं! का नाही म्हणायचं? तुम्हाला सांगतो, चौतीस वर्षं नाट्यगृहाच्या दारावर तिकिटं फाडलीत मी, उशिरा येणाऱ्यांना बॅटरी मारून खुर्च्या दाखवल्यात, आणि मागे अंधारात उभ्या-उभ्या जेवढी नाटकं बघितलीत ना, तेवढी त्या चष्मेवाल्या विद्वानांनी बसूनसुद्धा बघितली नसतील! हो, तुम्हीच. मागे वळून काय बघताय? शाळा म्हणाल तर सातवी, तीही दोनदा, पहिल्यांदा आवडली म्हणून. पण नाटकाचं मला विचारा! सिनेमातला नट चुकला तर तो तिकडे कुठेतरी चुकतो, पुसून टाकतात. नाटकातला नट तुमच्या डोळ्यांदेखत चुकतो, घाम त्याला फुटतो आणि तळहात ओले होतात पहिल्या रांगेतल्या बाईंचे! त्या घामासाठी उभा होतो मी चौतीस वर्षं.

तर आम्ही तिघांनी नाटक बसवलं. मी, माझा मित्र सुतार आणि आमच्या टायपिस्टबाई. तिघांची वयं मिळून दोनशे वीस. नाटक प्रायोगिक. प्रायोगिक म्हणजे, पाठांतर होत नाही म्हणून बोलणं कमी! बाईंनी साडेतीन पानं टाइप केली, त्यातल्या अर्ध्या पानावर नुसतं 'शांतता' लिहिलंय. गोष्ट काय? सुतार स्टेजवर खरंखुरं स्टूल जोडतो. दुसरा माणूस, म्हणजे मी, तासभर उभा राहून सल्ले देतो. शेवटी स्टुलावर बसतो. संपलं.

बायको म्हणाली, "याला काय नाटक म्हणायचं? हे तर तुम्ही घरात रोज करता, फुकट!"

आता दोन मिनिटं हसू नका. सुताराचा उजवा हात दोन वर्षांपासून थरथरतो. त्याच्या पोराने पटाशी, रंधा, करवत, सगळं गोणपाटात बांधून माळ्यावर टाकलं. पोरगा चांगला आहे हो, मऊ आवाजात बोलतो. असल्यांची भीती जास्त! "बाबा, आता आराम करा." आणि हा गडी खरंच आराम करायला लागला! खिडकीत बसायचा तो बसायचाच. मी शिवी घातली तरी उलट शिवी नाही! चाळीस वर्षांची मैत्री आणि शिवीला शिवी नाही? म्हटलं, लक्षण बरं नाही.

मग मी काय केलं… चार फळकुटं घेतली, अठ्ठावीस खिळे ठोकले, त्यातले नऊ वाकडे, आणि ते ध्यान नेऊन त्याच्यापुढे ठेवलं. "बघ, आमच्या नाटकातलं स्टूल." त्याचे कान लाल. "कुणी केलं?" म्हटलं, "आहे एक नामांकित कारागीर." "त्याला उभा कर माझ्यासमोर! स्टुलाला खिळे? खिळा ठोकला म्हणजे सुतार हरला, गाढवा!"

गाढवा म्हणाला! दोन वर्षांनी! डोळे भरून आले हो माझे.

पण पोरगा आलाच जिन्यात गाठायला. "काका, त्यांचा हात बघताय ना? चारचौघांत स्टूल मोडलं तर बाबा खिडकीतून परत उठायचे नाहीत. जबाबदारी कोणाची? आणि याला काय नाटक म्हणायचं?" म्हटलं, "जबाबदारी माझी, आणि याला नाटकच म्हणायचं!" म्हटलं खरं… पण जिना उतरताना कठडा घट्ट धरला होता.

शनिवार, दुपारी चार, वाचनालयाची वरची खोली. माणसं एकतीस, त्यातली चार पेपर वाचायला आलेली. दिवा लागला, सुतारानं माळ्यावरून गुपचूप काढलेली पटाशी उचलली… आणि हात असा थरथरायला लागला, पटाशी लाकडावर टकटकटकटक! एकतीस माणसं श्वास घ्यायची विसरली! पेपरवाल्यांचे पेपर खाली! मीसुद्धा बघत राहिलो. बाई पुस्तकांच्या कपाटामागून कुजबुजतायत, "सल्ला! अहो, सल्ला द्या!" कुठला सल्ला?

झालं स्टूल! माझी बसायची वेळ. बघतो तर एका पायाची पाचर, ती लाकडाची चिपटी, जिच्यावर सगळा सांधा घट्ट होतो, ती खाली जमिनीवर! ठोकायचीच राहिली. फक्त मला दिसली. वजन माझं एक्क्याण्णव किलो. काय करणार? बसलो. म्हणजे बसल्यासारखा बसलो, मांड्यांवर, हवेत! आणि नेमकी तिथे ती अर्ध्या पानाची शांतता! मांड्या पेटल्या हो! बाईंना म्हणावं, शांतता लिहायला काय जातं तुमचं?

सुतार म्हणाला, "बस."

"बसलोय."

"नाही बसलास. लोंबकळतोयस."

हे नाटकात नव्हतं! मी डोळ्यांनी पाचर दाखवतोय, तो माझ्या डोळ्यांकडेच बघेना. हळू म्हणाला, "तूसुद्धा मला जपायला लागलास?"

बसलो. पुऱ्या एक्क्याण्णव किलोंनी. कडाड! स्टूल तिकडे, मी इकडे, पाय वर. मागे पोरगा ताडकन उभा.

आणि सुतार आला… मला ओलांडून गेला! मला! स्टुलाचा पाय उचलला, खाचेतून अंगठा फिरवला आणि लोकांना म्हणाला, "पाचर राहिली, माझ्या हातून. परत जोडतो. कुणी उठायचं नाही!" मग पोराकडे बोट, "तूही बस!"

बसला हो पोरगा! सतरा मिनिटं, त्याच थरथरत्या हातानं, टकटकटकटक… पाचर बसली. "आता बस, गाढवा." बसलो. जरासुद्धा डुगडुगलं नाही! टाळ्या काय, शिट्ट्या काय, आणि पेपरवाल्यांतला एक म्हणतो कसा, "याला म्हणायचं नाटक!"

पुढच्या शनिवारी पोरगा स्वतः गोणपाट खांद्यावर घेऊन आला. सुतार सुधारला, म्हणजे दर वाक्याला शिवी. सगळं झकास. फक्त बाईंनी तेवढ्यात नवीन पान टाइप केलं: 'दुसरा बसतो. पडतो. परत बसतो.' म्हणतात, लोकांना तेच आवडतं! त्यानंतर सहा प्रयोग झाले. सहा वेळा सुतार मुद्दाम पाचर ठोकत नाही, सहा वेळा मी कडाड!

काल डॉक्टर माझ्या कमरेचा फोटो उजेडात धरून ओरडले, "याला काय नाटक म्हणायचं?" म्हटलं, डॉक्टर, चिडू नका, शनिवारी पहिल्या रांगेत येऊन बसा… पडल्यावर माझ्याकडे बघायला एक तरी माणूस हवा ना, बाकीचे सगळे स्टुलाकडेच धावतात!