सुलक्षणाची नारिंगी भांडी

धरा, धरा, हातात धरल्याने काही होत नाही, भाऊ — मी रोज पुसून ठेवते ना, मला काय झालंय? जे काय आहे ते त्या चकाकीत आहे, शिसं, आंबट लागलं की सुटतं, असं डॉक्टरांनी सांगितलंय. मी शाळेत गेलेली बाई नाही, पण एवढं पाठ केलंय. तुम्ही पेपरवाले, म्हणून तर मुलाच्या हाती निरोप धाडला तुम्हाला. लिहा — मरोळच्या चाळीतल्या पार्वतीबाईंची सून सुलक्षणा हॉस्पिटलात पडलीय ती या भांड्यांनी. सासूने नाही. हे सासूचं ठळक येऊ द्या. तिचा बाप तुळशीदास, घाटकोपरला असतो, तो मागच्या रविवारी इथे नळाजवळ उभा राहून बोंबलून गेला, म्हातारीने माझ्या पोरीला काहीतरी चारलं म्हणून. सगळी चाळ गॅलरीत. आता बरी झाली की परस्पर घाटकोपरला नेणार म्हणतो, या उंबऱ्यावर पाय ठेवू देणार नाही. आणि आमचा सहदेव — माझा मुलगा हो, निरोप घेऊन आला तो — खाली मान घालून उभा. आईच्या बाजूने एक शब्द बोलला असता तर जीभ झडली असती का त्याची? आता पेपरात आलं तरच तो तुळशीदास ऐकेल. छापलेलं खरं वाटतं माणसांना.

डॉक्टर पोरसवदा आहे, पण डोकं आहे त्याला. आधी एकाने जंत म्हटलं, दुसऱ्याने अल्सर म्हटलं, तिसरा म्हणाला बाईच्या मनाचं आहे, मूल होत नाही म्हणून. पोटात कळ आली की ती गुडघे छातीशी घेऊन पडायची, आणि हे म्हणे मनाचं. या पोराने तिचा ओठ वर करून हिरड्या बघितल्या — दातांच्या मुळाशी निळी रेघ. घरात कोणी छापखान्यात आहे का? नाही. बॅटरीच्या कारखान्यात? नाही, सहदेव लेथवर आहे. मग जेवता कशात? तेव्हा सहदेवने यातला एक वाडगा फडक्यात बांधून नेला. त्यांनी व्हिनेगर घालून ठेवलं म्हणे, नंतर तपासलं तर त्यात शिसं. वर बजावलं — शोभेला ठेवा फार तर, खायचं काहीच नको, आंबट नको, गरम नको, आणि असे बारीक तडे गेलेत ना, यात तर पाणीसुद्धा नको. आहेत बघा तडे, उजेडात धरा. दिसायला झकास. त्या रंगावरच तर भुलली ती.

कुठून म्हणजे? बोहारणीकडून. जुने कपडे घेऊन भांडी देतात ना त्या बायका. तिच्या टोपलीत हा सेट होता — अंधेरीच्या बंगल्यातलं कोणी साहेबाचं कुटुंब परदेशी गेलं, त्यांच्या घरातला. नारिंगी, पिवळा, हा मोरपंखी. मी रॉकेलच्या रांगेत होते. परत येते तर बाईसाहेब मांडून बसल्यात, नव्या खेळण्यासारखं. मी म्हटलं, काय दिलंस गो बदल्यात? तर शालू. लग्नात मी नेसवलेला, माझ्या मिलवाल्या नवऱ्याने बोनसमधून आणलेला शालू. कुठे नेसते मी तो, म्हणते, काठांची जरी काळी पडली होती. काळी पडली होती, ते खरं. पण म्हणून —

असो. ते लिहू नका, ते घरातलं आहे.

आणि आंबटाचं विचाराल तर आम्ही मालवणकडची माणसं, भाऊ, आगळाशिवाय आमचं जेवण नाही. कोकमाचं आगळ पितळेत ठेवलं तर कळकतं, हे जन्मल्यापासून ऐकलेलं. आंबट चिनीमातीत ठेवायचं. आईने तसंच केलं, सासूने तसंच केलं, ही बघा बरणी, पांढरी, तपकिरी गळ्याची, हिच्यात कधी कोणाला काही झालं नाही. मग हा वाडगाही चिनीमातीचाच ना? मला काय ठाऊक, रंगात फरक असतो ते? रात्री उरलेली सोलकढी त्या वाडग्यात झाकून ठेवायची, सकाळी पित्तावर प्यायची. मीच सांगायचे तिला, पी, टाकू नकोस. औषध म्हणून सांगायचे. हे लिहा हवं तर, यात लपवण्यासारखं काय आहे?

मग एकट्या तिलाच कसं? हा कसला प्रश्न? आम्ही स्टीलच्या ताटात जेवतो. मी, सहदेव, आलागेला. ती तिच्या भांड्यांत. — तसं ठरलेलंच होतं. शालू देऊन आणलीस ना, मग तूच जेव त्यांत, माझ्या ताटांना हात लावायचा नाही, असं मी त्या दिवशी म्हटलं. रागात म्हटलं. पण म्हटलं की म्हटलं, घरात एका माणसाचा शब्द चालायला नको? एकदा पाडव्याला तिने हळूच स्टीलचं ताट ओढलं होतं. मी काढून घेतलं. चारचौघांत नाही हो, आत, स्वयंपाकघरात. पुढेपुढे तिच्या हातातून वस्तू निसटायला लागल्या, मनगटच उचलेना — आता कळतं, ते शिशाने. तेव्हा मला वाटलं, मुद्दाम पाडतेय. फुटली भांडी की म्हातारी आपसूक ताट देईल. म्हणून मी म्हटलं, सगळी फुटली तर केळीच्या पानावर जेवशील, पण —

लिहायचं का थांबलात?

हे तिने सांगितलं ना तुम्हाला? तुम्ही हॉस्पिटलात जाऊन मग इकडे आलात, सहदेव म्हणाला मला. मला ठाऊकच होतं. पडल्यापडल्या सासूची गाऱ्हाणी. बापाच्या कानातही तिनेच भरलं असणार, एरवी तो तुळशीदास — काय? नाही? मग काय बोलली? घरात कोण कशात जेवतं हे विचारलंत ना तिला? आणि ती काय म्हणाली?

सगळेच त्यांत जेवतो, म्हणाली?

बापालाही तेच?

नको. तो कागद नको आता. फाडा नाहीतर घेऊन जा, पण छापू नका. काय छापणार, मीच सगळं — तुळशीदासला नेऊ दे तिला. जा तुम्ही, भाऊ. जाताना जपून, जिना अंधारा आहे.