सहा गाद्यांची जागा

(ओमानमधल्या जबल अखदर डोंगरावरचा नवा, रिकामा बंगला. जानेवारीतली दुपार. लाकडी फरशीला फटी का पडल्या ते शोधायला कंपनीने मस्कतहून पाठवलेली इंजिनियर स्नेहल आणि सुतारांचा फोरमन भानुदास हॉलमध्ये.)

भानुदास: लाकूडच ओलं होतं, मॅडम. लाकूडवाल्या हारूनचं गोदाम समुद्राच्या काठावर. तिथून डोंगरावर आणलं, सुकलं. फटी पडणारच. खलास.

स्नेहल: मीटर बघा, काका. दारापाशी ओलावा नऊ टक्के. इथं खिडकीखाली पाच. लाकूड एकाच ट्रकमधून आलं ना?

भानुदास: एकाच.

स्नेहल: मग दारापाशी का नाही सुकलं?

भानुदास: आता लाकडाच्या मनातलं मला काय कळणार? देवगडला होतो तेव्हापासून रंधा मारतोय. कधीकधी फसवतं.

स्नेहल: फळ्यांखालच्या पाइपांत गरम पाणी कोणी सोडलं होतं?

भानुदास: छे! मालक राहायला आल्याशिवाय त्या बटणाला हात लावायचा नाही, अशी ऑर्डरच होती.

स्नेहल: जरा खाली बसा. इथून तिरकं बघा. फटी कुठं सुरू होतात?

भानुदास: इथं.

स्नेहल: आणि थांबतात?

भानुदास: ...इथं.

स्नेहल: सहा फूट लांब, अडीच फूट रुंद. मध्ये चांगल्या फळ्या. मग पुन्हा सहा बाय अडीच. एवढं काय असतं?

भानुदास: तुम्ही इंजिनियर. तुम्हीच सांगा.

स्नेहल: गादी असते. खालून गरम पाणी, वरून कापूस. ऊब कोंडली, तेवढंच लाकूड आकसलं.

भानुदास: ...आम्हाला झोपायला पोर्टाकॅबिन येणार होती, मॅडम. "इन्शाल्ला, उद्या." तीन आठवडे उद्याच चाललं होतं. पहाटे नळ गोठायचा. आमच्यातल्या जहूरची बोटं वाकेनात, पटाशी धरता येईना. आणि आम्ही कोकणातले. स्वेटर फक्त दुकानात टांगलेला बघितलेला.

स्नेहल: ऑफिसला कळवलं नाही?

भानुदास: चारदा फोन केला. मग मीच बटण दाबलं. माझं नाव लिहा. बाकीच्यांना ठाऊकच नव्हतं.

स्नेहल: फरशी आपोआप गरम झाली असं वाटलं त्यांना?

भानुदास: देवाची कृपा समजले.

स्नेहल: काका.

भानुदास: अर्बाबला, आपल्या कंपनीच्या शेठला, संध्याकाळपर्यंत नाव हवंय ना? ज्याचं नाव, त्याचा व्हिसा रद्द. माझ्या पोरीचं लग्न झालंय, मी घरी गेलो तरी चालेल. जहूरची पोरं शाळेत आहेत. एकच नाव पुरे की.

स्नेहल: तुम्ही सात जण होता. जागा सहाच दिसतात.

भानुदास: मोजण्यात चूक असेल.

स्नेहल: दोनदा मोजलं. तुमची गादी कुठं होती?

भानुदास: दारापाशी.

स्नेहल: दारापाशी खाली पाइप नाही.

भानुदास: माहितीय. वरच्या फळ्या मीच बसवल्यात.

स्नेहल: तिथं वारा येत असेल.

भानुदास: कुणीतरी दारापाशी झोपणारच ना, मॅडम. लिहा आता. यल्ला, आटपा.

स्नेहल: लिहिते. पहाटेचं तापमान शून्याखाली. पोर्टाकॅबिन आली नाही. चार फोन, तारखांसकट. माणसं सात.

भानुदास: हे तर आपल्याच ऑफिसवर आलं. तुम्हाला ठेवतील का?

स्नेहल: बघू. टेपचं ते टोक धरा. दारापासून मोजू.

भानुदास: तिथं तर काही बिघडलंच नाही.

स्नेहल: तेही लिहायचंय.