एकतारीची दुपार

(निघोजे. कुशाबाईंच्या चाळीचं अंगण, दिवेलागणीची वेळ. भाडेकरू दिग्विजय डोळे चोळत खोलीबाहेर येतो.)

दिग्विजय : मावशी, सकाळ झाली का? कंपनीची बस हॉर्न देऊन गेली का काय?

कुशाबाई : आरं, दिवं लागत्यात आत्ताशी. बसला लई येळ हाय. गालावर उशीची घडी उमटलीया बघ.

दिग्विजय : म्हंजे मी झोपलो होतो?

कुशाबाई : झोपला व्हतास? घोरत व्हतास! पत्रं हालत व्हतं वरचं.

दिग्विजय : दिवसा! मी! माय गं! नाईट लागल्यापासून पहिल्यांदा. परवा प्रेसवर डुलकी लागली, हात आत चालला होता. मशीन आपोआप थांबलं म्हणून बोटं राहिली. साहेब म्हणले, पुन्हा पेंगलास तर गेटच्या बाहेर.

कुशाबाई : ठावं हाय की. तुझ्यापायी तर समदी चाळ गप केली. दुपारचा मिक्सर बंद, भंगारवाला गल्लीच्या तोंडाला अडवला. कोंबडा चऱ्होलीला लेकीकडं धाडला.

दिग्विजय : राग मानू नका मावशी, पण त्या शांततेनंच घात केला. कानात कापूस घालून पडलो की आतल्या आत प्रेस सुरू. धाड्, धाड्. तुम्ही एवढं केलेलं, सांगू कोणत्या तोंडानं?

कुशाबाई : आरं मुडद्या! म्हंजी कोंबडा फुकट गेला व्हय?

दिग्विजय : आज मात्र काहीतरी वाजत होतं. एकच सूर, संथ, थांबतच नव्हता. त्याच्या मागं ती धाड्‌धाड् लांब लांब गेली. पुढचं काही आठवत नाही. रेडिओ होता का?

कुशाबाई : रेडू कुठला? आमच्या म्हाताऱ्याची एकतारी ती.

दिग्विजय : तात्याबांची? मी राहायला आल्यापासून कधी ऐकली नाही.

कुशाबाई : कशी ऐकशील? मीच खुंटीला लावली. जल्मभराची सवय त्याला, जेवला की घटकाभर छेडायची आन् तिथंच लवंडायचं. म्हनलं, पोराची रातपाळी हाय, गप ऱ्हावा. ऱ्हायलं बिचारं. पर तवाधरनं त्याचाबी डोळा न्हाई लागला. आज मी चाकणच्या बाजाराला गेले आन् यानं काढली खाली! आले ती भांडायच्या तयारीनं. तर तुझ्या खोलीतनं घोरणं.

दिग्विजय : जिंकलो, मावशी! आज येऊ द्या साहेबाला, पहाटेपर्यंत डोळे टक्क उघडे दाखवतो. एकतारी रोज वाजली पाहिजे, आणि कोंबड्यालाही आणा घरी! कुठायत तात्याबा? पायच धरतो त्यांचे!

कुशाबाई : हळू, हळू. वसरीवर निजलंय, एकतारी उशाशी घिऊन. आज बसवाल्याला सांग बाबा, हारन वाजवू नगं.