छापलेली कथा बाद

अरे, कौतुक करायलाही अक्कल लागते. आमची नात ईरा इथं अमेरिकेत, सनीव्हेलमध्ये जपानी शिकली. तिची कथा जपानच्या नवोदितांच्या विज्ञानकथा स्पर्धेत अंतिम फेरीच्या पाच कथांत आली. सुनेनं ईराकडून अर्थ समजून घेऊन मला वाचायला ती मराठीत करून दिली, ती मी परस्पर मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाला धाडली.

जेवताना सांगितलं, तर पोरीचा घास हातातच राहिला. “आजोबा, नो! कुठेही छापलेली कथा बाद होते!”

मी ताटावरून तसाच उठून संपादिकाबाईंना फोन लावला. “अंक थांबवा! पोरीचं बक्षीस जाईल!”

“काका, ओरडू नका. अंक अजून छापायला गेलाच नाही.”

दिवाळी होऊन महिना झाला होता. एरवी बाईंना फाडून खाल्लं असतं. म्हटलं, “बाई, सावकाश होऊ द्या.”