चौथ्या मजल्यावरच्या खोलीची चौकशी

मी, वय ५२, धंदा घड्याळदुरुस्ती, राहणार बाजारामागची इमारत, चौथा मजला, भाड्याची खोली, सोबत आई वय ७९. आज ठाण्यात स्वतः हजर राहून सांगतो की,

आईचे गुडघे गेल्यापासून दोन वर्षं ती खाली उतरलेली नाही. म्हणून मी तळमजल्यावर खोली शोधत होतो. आमच्या भागात दलालाशिवाय खोली मिळत नाही आणि दलाली म्हणजे एक महिन्याचं भाडं. माझ्या दुकानासमोर बसणाऱ्या दलालाला सगळे गोडबोल्या म्हणतात. तेवढ्यावरून मी सावध व्हायला हवं होतं, पण गरजवंताला अक्कल नसते.

आमचे मालक परगावी असतात, त्यांच्या खोल्यांचं आपणच बघतो, असं तो सांगे. त्याने मला एक तळमजल्यावरची खोली बाहेरून दाखवली. दलाली माफ, मात्र आमची खोली पाहायला येणाऱ्या गिऱ्हाइकांशी मी बोलायचं, असं ठरलं. सगळे दलाल असंच करतात, कारण राहत्या भाडेकरूवर लोकांचा विश्वास बसतो. “काका, तुमचा एक शब्द म्हणजे माझे शंभर,” असं तो म्हणाला.

पहिलं कुटुंब ५ तारखेला संध्याकाळी सहाला आलं. पाणी दिवसभर असतं, असं मी सांगितलं. पाणी सकाळी एक तास येतं. त्यांनी खाली उतरताच दलाली दिली.

९ तारखेला दुसरं कुटुंब आलं. पहिल्यांचा बेत बदलला, असं दलाल म्हणाला.

१४ तारखेला एक नवरा-बायको आली. बाईला आठवा महिना होता, चढताना ती जिन्यात दोनदा बसली. खोली नक्की रिकामी होणार ना, असं तिने दलालाला नाही, मला विचारलं. पहिल्या कुटुंबातला माणूस त्याच सकाळी दुकानात येऊन पडद्यांसाठी खिडकीचं माप विचारून गेला होता. त्यांचा बेत बदललेला नाही, हे मला कळलं होतं. तरी मी डोळ्यांवर कातडं ओढून हो म्हणालो. आईला एकदा उन्हात खुर्ची टाकून बसवायचं माझ्या मनात होतं.

ठरल्याप्रमाणे पुढच्या महिन्याच्या १ तारखेला आम्ही सामान बांधलं. दलालाचा फोन बंद होता. मी तळमजल्यावरच्या खोलीवर गेलो, तर तिथे आठ वर्षांपासून एक शिंपी राहतो. त्याने या दलालाचं नावही ऐकलेलं नव्हतं.

परत आलो तेव्हा तिन्ही कुटुंबं सामानासह आमच्या जिन्यात होती. त्या बाईच्या नवऱ्याने माझी कॉलर धरली. आई भिंतीच्या आधाराने दारापर्यंत आली आणि म्हणाली, “सोड त्याला. माझा मुलगा बावळट असेल, पण खोटं बोलत नाही.” त्याने कॉलर सोडली. बाई माझ्याकडे बघत राहिली. मी आईला धरून आत नेलं.

दलालाविरुद्ध माझी तक्रार आहे. ती नवरा-बायको मात्र माझ्या शब्दावर फसली, याची मला लाज वाटते. तेही लिहून घ्यावं.

हा जबाब मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे, एक शब्दही बदलायचा नाही. फक्त याची प्रत घरी पाठवू नये, मी इथे येऊन घेईन. घरी आलेला प्रत्येक कागद आई वाचते.