खिशातलं पिस्तूल आणि गुरुवारचा डोमिनो

...आणि वर म्हणे, कुणाला कळता कामा नये! आता तुम्हीच सांगा, माणसाच्या उजव्या खिशात भरलेलं पिस्तूल, आणि ते कुणाला कळता कामा नये, तर त्यानं चालायचं कसं? बसायचं कसं? अहो, मी जन्मभर काउंटीच्या कचेरीत जमिनींचे दस्त नोंदवले. माझ्या खिशात सगळ्यात धोकादायक वस्तू म्हणजे पेन, ते गळायचं.

झालं काय, आमचा डोमिनोचा, म्हणजे त्या ठिपक्यांच्या सोंगट्यांच्या खेळाचा, हॉल पुढच्या गावात. वाट सगळी टेक्ससच्या उघड्या माळातून, मध्ये एकच पेट्रोल पंप. त्या पंपावर म्हणे कुणाला तरी लुटलं. कुणाला, ते अजून कुणालाच ठाऊक नाही, पण आमच्या नेड्राला, म्हणजे बायकोला, तेवढं पुरलं. "ऑरव्हल, पिस्तूल घेऊन जाणार असशील तर जा. नाहीतर गुरुवारी घरी बस आणि माझ्याबरोबर गोधड्या शिव." तुम्हाला सांगतो, निवृत्तीनंतर मला गुरुवारचा डोमिनो एवढंच सुख उरलंय. म्हटलं, आणा पिस्तूल!

आणलं मेहुण्यानं. डॉयल. याच्या घरात खुर्च्यांपेक्षा बंदुका जास्त. बसायला गेलं की आधी काहीतरी उचलावं लागतं. "आठवडाभर वापरून बघा, दाजी. पटलं तर ठेवा." पिस्तूल म्हणाल तर पत्त्यांच्या जोडाएवढं. मला वाटलं, लहान आहे, गरीब असेल. कसलं गरीब! लहान कुत्र्याचा स्वभाव बघितलाय ना? तोच. डॉयलच्या गोठ्यामागे डबा ठेवून बार काढला, तर डबा जागच्या जागी आणि माझं मनगट खांद्यात. मुठीत बोटं मावतात दोन, करंगळी बाहेर. वरचा भाग मागे ओढायचा म्हणजे लोणच्याच्या बरणीचं झाकण. आणि नेम धरायचा दाणा मोहरीएवढा! जवळचा चष्मा लावला तर डबा दिसत नाही, लांबचा लावला तर दाणा दिसत नाही.

डॉयल म्हणतो, "अहो, हे नेमासाठी नाहीच मुळी. हे जवळ बाळगायचं."

"मग मी वीट बाळगतो."

"वीट दिसते, दाजी! कुणाला कळता कामा नये!"

बरं, त्या खिशात दुसरं काही ठेवायचं नाही. किल्ल्या नाहीत, रुमाल नाही, पेपरमिंट नाही. सगळं गेलं डाव्या खिशात, तो फुगला. म्हणजे ज्या खिशात पिस्तूल नाही त्याच्याकडेच लोक संशयानं बघणार! शिवाय पँट घसरते, म्हणून गॅलिस लावले.

असा मी गुरुवारी हॉलमध्ये शिरलो. चेहरा कोरा. सोंगट्या पिसता पिसता ब्यूफर्ड, म्हणजे आमचा गुरांचा निवृत्त डॉक्टर, मान वर न करता म्हणतो, "काय रे, डॉयलचं का?"

कुणाला कळता कामा नये!

माझ्या बाजूनं खेळते ती आयलीन, पाद्रीबाबांची विधवा, ऐंशीच्या पुढची. ती म्हणाली, "अरे बाळा, झुकून चालतोयस. पहिल्या आठवड्यात सगळेच झुकतात. आण इकडे." आणि तिनं पर्समधून स्वतःचं काढलं! "यांच्या अंत्यविधीला काळ्या झग्यात हेच होतं. काही दिसलं का कुणाला?" ब्यूफर्डनं काढलं. आमचा चौथा गडी लॉनी, जो डावातली बोलीसुद्धा मान हलवून लावतो, त्यानं तर दोन काढून टेबलावर ठेवली.

आता आमच्याकडची रीत अशी, की पिस्तूल दुसऱ्याच्या हातात देताना गोळ्या काढायच्या आणि रिकामं आहे ते दाखवायचं. घेणाऱ्यानं, आत्ताच डोळ्यांनी बघितलेलं असलं तरी, पुन्हा बघायचं. त्यानं पुढच्याला द्यायचं, त्यानं पुन्हा बघायचं. बघितलं म्हणून कुणी रागावत नाही, नाही बघितलं तर रागावतात. झालं! पाच पिस्तुलं, चार माणसं, सगळी म्हातारी, सगळ्यांचे चष्मे दोन-दोन.

"स्प्रिंग फार कडक," ब्यूफर्ड म्हणाला, "संधिवाताला चालणार नाही."

"तुझ्या संधिवाताला गाईचं औषध चालतं, तू बोलू नकोस," आयलीन म्हणाली, आणि पुन्हा रिकामं आहे का ते बघितलं.

मी मधेच म्हटलं, "अहो, डाव?"

"पुढच्या गुरुवारी," ब्यूफर्ड म्हणाला. "पुढच्या गुरुवारी लॉनी पिस्तूल पायाला बांधायचा पट्टा आणणार आहे." लॉनीनं मान हलवली.

सोंगट्या पिसलेल्या तशाच राहिल्या आणि हॉल बंद करायची वेळ झाली.

घरी नेड्रानं दारातच विचारलं, "कुणाला कळलं नाही ना?" म्हटलं, "छे!" तेवढ्यात डॉयलचा फोन, "काय दाजी, पटलं का? ठेवताय?"

म्हटलं, ठेवतो बाबा. हात दुखतो, नेम लागत नाही, पँट टिकत नाही... पण आता त्याच्याशिवाय गेलो, तर डोमिनोच्या टेबलावर मला बसू कोण देणार?