खिंडीतली खडीची वाट

(बेलापूरच्या मागचा डोंगर, १९८७. रविवारची सकाळ. खिंडीत खडीच्या वाटेवर नवी साखळी आडवी बांधलेली, दगडाला टेकवलेल्या दोन सायकली. खालच्या गावातली गोजराबाई, तिची सून सगुणा, आणि एका सरकारी कचेरीतला कारकून अरविंद.)

गोजराबाई : थांबा रे जरा. मना दम लागला. गुडघे काय माजे ऱ्हायले नाय आता.

सगुणा : तुमाला बोललेले ना आई, घरी बसा. साहेबांना मी दाखवते सगळा.

गोजराबाई : तू काय दाखवतेस? ही वाट बांधली तवा तुजा नवरा माज्या पोटात व्हता. आनि साहेब कसला? सायकलवर येतो तो साहेब काय? साहेब जीपीतून येतो.

अरविंद : बरोबर आहे मावशी. मी साधा क्लार्क. साहेब केबिनमध्ये बसतात.

गोजराबाई : मंग रविवारचा घरी झोपाचा सोडून हितं दगडांत कशाला मरतोस?

अरविंद : हायवेला सायकल चालवायची सोय राहिलीय का? टँकर, डंपर, नुसता धुरळा. इथं हॉर्न म्हणून ऐकू येत नाही. चाकाखाली खडी वाजते तेवढीच. असे गाडी न येणारे सात रस्ते होते माझ्या वहीत, सगळे डोंगरातले. दोन बंद झाले. हा गेला तर चार उरले.

गोजराबाई : काय काय नाद एकेकाला!

सगुणा : त्यांचा नाद हाय, माजी नोकरी हाय. पलीकडं ठाकूरवाडीत बालवाडी माजी, भाऊ. या वाटेनं पाऊन तास. शुक्रवारी बघते तर ही साखळी. दगडाच्या खानीवाल्याचा मानूस बोलतो, डोंगर आमाला दिलाय, वाट-बिट काय नाय. काल सडकेनं गेले. डंपरनं असा कट मारला का सायकल नि मी गटारात. बघा कोपर. हे न्हावा शेव्याला बंदराच्या कामावर, पंधरा दिवसांनी घरी. मना सोडनार कोन?

गोजराबाई : उद्या सडकेनं नाय जायाचा.

सगुणा : मग काय नोकरी सोडू?

गोजराबाई : नोकरी सोड बोलले मी? सडकेनं जाव नको बोलले.

सगुणा : दोनीचा अर्थ एकच झाला ना आई. दुसरी वाट कुठं हाय?

अरविंद : सगुणाताई, मी काल रेकॉर्डला बसलो होतो. जरा टेन्शनचं आहे. खाणवाला कागदावर खरा आहे. नकाशात इथं वाट नाही.

सगुणा : नाय? मग आपन काय आभाळात उभे हाव?

अरविंद : एकाहत्तर साली सर्व्हेवाले आले, तेव्हा गावाचा जबाब घेतला होता. हे बघा, उतरवून आणलंय. ‘या डोंगरात जाण्यायेण्याची वाट नाही, पूर्वीही नव्हती. शेरडे चरतात.’ खाली गावातर्फे एकच सही.

सगुणा : कोन तो? घरटी एक मानूस उभा राहून ही वाट गावानं बांधली, मामंजी सांगायचे. आनि गावातलाच मानूस लिवून देतो, वाट नाय? हात झडले नाय मेल्याचे?

गोजराबाई : सगुने, सकाळच्या पारी शिव्या नको देव.

सगुणा : देनार! मेला असंल तर मातीत पडून ऐकूं दे. कोनीतरी दारू पाजली असंल त्याला.

अरविंद : सही तशीच आहे खरी. नाव लागत नाही. झिंगलेल्या माणसानं केल्यासारखी वेडीवाकडी, आणि वर शाईचा हा एवढा डाग.

गोजराबाई : झिंगलेला तुजा बाप! टाक गळका दिलता त्या सर्व्हेवाल्यानी.

सगुणा : आई?

गोजराबाई : अशी नको बघू माज्याकडं.

अरविंद : मावशी, ती सही तुमची?

गोजराबाई : मंग कोनाची? साऱ्या गावातल्या बायांत सही मना एकटीला येत व्हती. दुसरी यत्ता शिकलेली मी. पुरुष सगळे मिठागरावर गेलते. सर्व्हेवाला बोलला, सही येते का कोनाला, का अंगठेच उठवू? मुक्ताबाई अंगठा पुढं करून बसलेली. तिला बाजूला सारली नि बोलले, आन हिकडं.

सगुणा : पन वाट नाय असा का सांगितलात? तुमीच बांधलेली ना?

गोजराबाई : तुना काय ठावं त्या सालाचा? तू परकर नेसून फिरत व्हतीस माहेरी. नव्या शहराला जमीन घ्यायच्या नोटिसा आलत्या. शेतां जानार, मिठागरां जानार. गावात बोलत व्हते, जिथं वाट दिसंल तिथं त्यांची गाडी येनार, नि गाडी आली का ती जमीन गेली. डोंगर तरी राहूं दे आपल्याला. मंग आदल्या दिवशी आमी बायांनी करवंदीच्या जाळ्या तोडून वाटेवर आडव्या घातल्या. दोन शेरडां आनून बांधली. सर्व्हेवाला चढून आला, घामानं भिजलेला. मी बोलले, साहेब, हितं वाट कुठली? शेरडांचा पन पाय टेकत नाय. हसला तो. लिवलंन तसाच. मी सही ठोकली. आठवडाभर मिरवले गावात, सरकारला फशिवला म्हनून.

सगुणा : आनि?

गोजराबाई : आनि काय! शेतां गेली, मिठागरां गेली. नि डोंगर गेला तो मी वाट नाय बोलले म्हनून.

सगुणा : शुक्रवारपासून मी वाट घालवनाऱ्याच्या नावानं बोटं मोडते. तुमी भाकऱ्या थापत ऐकत होता.

गोजराबाई : ऐकत व्हते.

सगुणा : काल कोपराला हळद लावलीत. तेवाच सांगायचा ना.

गोजराबाई : जीभ उचलली नाय ग. गावात कोनाचा सोयरिकीचा असो, भांडनाचा असो, आधी मना विचारतात. ही गोजरा बोलते म्हंजे खरा. त्या गोजरानं कुठल्या तोंडानं सांगायचा?

अरविंद : मावशी, एक मार्ग आहे. उद्या अकराला खाणीवरच्या हरकती ऐकायला साहेब कचेरीत बसणार आहेत. जिनं सही केली तीच समोर येऊन म्हणाली, की माझा जबाब चुकीचा होता, तर वाट परत मोजायला घ्यावी लागेल. पण खाणवाल्याचा वकील असणार. तुमच्या गावची माणसं असणार. तो विचारेल, बाई, तेव्हा खोटं बोललात की आत्ता बोलताय?

गोजराबाई : तेवा.

अरविंद : सगळ्यांच्या देखत विचारेल.

गोजराबाई : मंग सगळ्यांच्या देखत सांगेन. त्याच्या कानात सांगू काय?

अरविंद : आणि पुरावा मागेल. म्हणेल, डोंगरात खडी असायचीच.

गोजराबाई : त्याला सांग, पहार घेऊन ये. या वळनावर पावसात बैल पोटापर्यंत रुतायचा. खडी टाकली का चिखल गिळायचा. दोन उन्हाळे आमी बायांनी खाडीवरनं शिंपल्या आनल्या, पाट्या भरभरून, डोईवर. खाली शिंपल्या, वर खडी. हे बघ, टाळूवर केस नाय माज्या, ते त्या पाटीनं गेले. डोंगरात शिंपल्या कोन घेऊन आला? शेरडां?

अरविंद : थांबा हां, दगडानं उकरतो जरा. खडी घट्ट बसलीय... अरे! सगुणाताई, हे बघा पांढरं.

सगुणा : तिसऱ्या. तिसऱ्यांच्या शिंपल्या हायत या. येवढी वर्सं यावरनं सायकल चालवते मी.

गोजराबाई : खाली हातभर हायत. उकर पाहिजे तेवढा.

अरविंद : खोटी आशा नाही दाखवत हां मावशी. वाट परत मिळेलच असं नाही. मोजणी होईपर्यंत सुरुंग थांबतील, साखळी निघेल, असं वाटतंय.

गोजराबाई : तुमच्या हापिसात सगळ्यांना वाटतच असतो. लिव.

अरविंद : काय लिहू?

गोजराबाई : लिव, वाट हाय. नाय बोलली ती मी.

अरविंद : कारण लिहायचं? जमीन वाचवायला म्हणून?

गोजराबाई : कारन नको. कारन लिवलास का सगळे कीव करतात. खाली जागा सोड मोठी, सही मी करनार.

अरविंद : बरं. मी पुढं होतो. रविवारचा कुठं टाइपरायटर मिळतो का बघतो. उद्या साडेदहाला गेटपाशी उभा राहीन.

सगुणा : भाऊ, वळनावर जपून. खडी सुटलेली हाय.

गोजराबाई : गेला. मानूस बरा हाय. बारीक हाय पन. बायको खायला घालत नाय वाटतं.

सगुणा : उठा आई. ऊन चढला.

गोजराबाई : हात दे. हां... आय ग. उद्या तू बालवाडीला सुट्टी घे.

सगुणा : घेते. तुमच्यासंगती येते.

गोजराबाई : मना काय सोबत नको. बोलायचा मनाच हाय.

सगुणा : ठावं हाय.

गोजराबाई : रागावलीस ना माज्यावर?

सगुणा : रागावले.

गोजराबाई : मंग माज्यासाठी नको थांबू. बस सायकलवर नि जा पुढं.

सगुणा : जाईन. उतार संपला का जाईन.